सही, अंगठा आणि माणसाची प्रतिष्ठा

आरोग्याच्या या पानावर आम्ही बहुतेक वेळा आजारांवर लिहितो. मधुमेह, टीबी, अंगातले रक्त कमी होणे, पावसाळ्यातला ताप. या वेळी विषय आजाराचा नाही. रुग्णालयात ज्या कागदावर आपल्याला सही करायला किंवा अंगठा उठवायला सांगतात, त्या कागदाचा आहे. सोबत एका तत्त्वज्ञ बाईंची ओळख करून देत आहोत. या कागदामागचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. त्यांचे नाव रूथ मॅकलिन.

तत्त्वज्ञाचे रुग्णालयात काय काम, असे कुणालाही वाटेल. डॉक्टर औषध देतो, परिचारिका सलाईन लावते, मामा स्ट्रेचर ढकलतो. तत्त्वज्ञ काय करणार? पण आपल्या देशाच्या कायद्यानेच त्याच्यासाठी जागा ठेवली आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली नियम केले. माणसांवर अशी चाचणी करायची तर आधी नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, परवानगी लागते. या समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार असलाच पाहिजे. शिवाय आणखी एक स्वतंत्र व्यक्ती हवी, ती समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेची प्रतिनिधी, नीतिशास्त्राची अभ्यासक, धर्मशास्त्राची अभ्यासक किंवा तत्त्वज्ञ असू शकते. निम्मे सदस्य तरी त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. म्हणजे ‘हे औषध चालेल का?’ एवढाच प्रश्न कायद्याला पुरेसा वाटत नाही. ‘हे करणे योग्य आहे का?’ हेही विचारायला कोणीतरी बसलेले असावे, असे तो सांगतो.

पनवेलकरांसाठी ही गोष्ट लांबची नाही. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. कामोठ्याला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे. जिथे डॉक्टर घडतात, जिथे कॅन्सरवर संशोधन चालते, अशा संस्था आपल्याच महापालिकेच्या हद्दीत आहेत आणि आपली माणसे तिथे उपचाराला जातात. संशोधन हवेच. आज टीबीची गोळी मिळते ती कुणीतरी पूर्वी चाचणीत भाग घेतला म्हणून. प्रश्न इतकाच, की भाग घेणाऱ्याला खरे काय ते सांगितले होते का?

बाराखडी शिकवणारी घटना

रूथ मॅकलिन अमेरिकेतल्या. जन्म १९३८ चा. तत्त्वज्ञानात त्यांनी १९६८ साली डॉक्टरेट मिळवली आणि कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. पुढे चारच वर्षांनी, १९७२ च्या जुलैत, त्यांचा देश हादरला.

अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागात सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ पासून एक अभ्यास चालवला होता. त्यात सुमारे ६०० काळे पुरुष होते. बहुतेक शेतात राबणारे आणि गरीब. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस हा आजार होता. त्यांना सांगितले गेले की तुमचे ‘रक्त खराब’ आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत. प्रत्यक्षात उपचार न केल्यास हा आजार शरीराचे काय करतो, ते पाहणे चालले होते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले, आजार बरा होऊ लागला. तरीही या माणसांना ते दिले नाही. चाळीस वर्षे हे असेच चालले आणि वर्तमानपत्रात बातमी आल्यावर थांबले.

१९७२ हे साल आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेचे. अन्यायाची भाषा तिकडे आणि इकडे किती सारखी होती, हे त्या नावातच आहे. टस्कीगीतही माणसांची निवड अशीच झाली होती. जे प्रश्न विचारणार नाहीत, ज्यांचे कोणी ऐकणार नाही, तेच निवडले गेले.

या प्रकरणानंतर अमेरिकेत आयोग नेमला गेला. १९७९ साली त्याचा बेल्माँट अहवाल आला. त्याने संशोधनासाठी तीन तत्त्वे मांडली. माणसाच्या निर्णयाचा आदर करा. त्याचे हित पाहा. ओझे आणि फायदा यांची वाटणी न्यायाने करा. जगभरच्या संमतीपत्रांची बाराखडी यातून आली. आणि डॉक्टरांबरोबर तत्त्वज्ञांनीही बसायला हवे, हे लोकांना पटू लागले.

रूथ मॅकलिन यांचे काम

मॅकलिन १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका, पण नोकरी डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजात. मरणाच्या दारातल्या रुग्णाचे यंत्र काढायचे का, रुग्ण उपचार नको म्हणाला तर डॉक्टरने काय करायचे, कुटुंबाचे म्हणणे एक आणि रुग्णाचे दुसरे असेल तर कुणाचे ऐकायचे, अशा प्रश्नांवर त्या काम करत राहिल्या. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जुन्या किरणोत्सर्गी प्रयोगांच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिच्या त्या सदस्य होत्या. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नीतिशास्त्र संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या फार जवळची आहे. १९९४ साली एक मोठा शोध लागला. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला एझेडटी हे औषध दिले, तर बाळाला लागण होण्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. श्रीमंत देशांत हे औषध लगेच सुरू झाले. पण ते महाग होते. म्हणून त्याचा छोटा, स्वस्त डोस चालतो का हे आफ्रिका आणि आशियातल्या देशांत तपासायचे ठरले. त्यांतल्या अनेक चाचण्यांत निम्म्या बायकांना औषध दिले आणि निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. १९९७ साली यावर जगभर वाद पेटला.

चाचणी करणाऱ्यांचे म्हणणे होते, ‘या देशांत बायकांना तसेही काहीच मिळत नाही. मग आम्ही त्यांचे काय काढून घेतले?’ हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. मॅकलिन यांनी तो नाकारला. २००४ साली त्यांनी गरीब देशांतल्या संशोधनाच्या दुहेरी मापांवर एक पुस्तकच लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा. एखाद्या बाईला उपचार मिळत नाहीत ते तिच्या गरिबीमुळे. त्या गरिबीचाच आधार घेऊन ‘तिला कमी दिले तरी चालेल’ असे ठरवायचे नाही. न्यूयॉर्कच्या बाईवर जे करणे तुम्हाला चुकीचे वाटते, ते गरीब देशातल्या बाईवर केल्याने बरोबर होत नाही.

दोन माणसांना दोन मापे. पाणवठ्यापासून शाळेपर्यंत हे माप आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. म्हणून हा युक्तिवाद समजायला आपल्याला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

मुंबईच्या वस्त्यांमधला अभ्यास

आता आपल्याच राज्यातले उदाहरण पाहू. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर भारतात हजारो बायकांचा जीव घेतो. तो हळूहळू वाढतो. वेळेवर सापडला तर टाळता किंवा बरा करता येतो. श्रीमंत देशांत यासाठी पॅप ही तपासणी होते. पण तिला प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ लागतात. म्हणून सोपी पद्धत शोधली गेली. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावायचे आणि पाहायचे. संशय घेण्यासारखी जागा पांढरी दिसते.

ही पद्धत जीव वाचवते का, हे पाहण्यासाठी टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. तपासणाऱ्या मुली दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या. दुसऱ्या गटाला सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती दिली, त्यांची तपासणी झाली नाही. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. देशभर अशी तपासणी झाली तर वर्षाला सुमारे २२,००० मृत्यू टळतील, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असाच दुसरा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली आला. तिथे एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या सुमारे ३४,००० बायकांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे ३१,००० बायकांत ६४.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. एका बाजूला हे संशोधन आपल्याच बायकांच्या कामाचे आहे. दहावी शिकलेली वस्तीतली मुलगी जीव वाचवू शकते, हे त्याने सिद्ध केले. दुसऱ्या बाजूला ज्यांची तपासणी केली नाही, त्या बायकाही माणसेच होत्या. जगात दुसरीकडे पॅप तपासणीने मृत्यू कमी होतात हे अनेक वर्षांपूर्वीच कळले होते. मग एवढ्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवले, असा प्रश्न काही डॉक्टरांनी आणि नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला. मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एका नियतकालिकात यावर वाद झाला. संशोधकांचे उत्तर होते की भारतात सरकारी तपासणीची सोयच नव्हती. पॅप देशभर नेणे शक्य नव्हते. आणि तुलना केल्याशिवाय सरकारला पटवता आले नसते.

मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा पैसा होता. म्हणून तिथल्या सरकारच्या कार्यालयाकडे तक्रार गेली. त्या चौकशीत संमतीच्या माहितीत उणिवा असल्याचे नमूद झाले. वादाचे मूळही तिथेच आहे. तपासणी न होणाऱ्या गटातल्या बाईला स्पष्ट शब्दांत सांगितले होते का, की ‘अशी तपासणी अस्तित्वात आहे, ती बाहेर करून मिळते, आणि या अभ्यासात तुम्हाला ती मिळणार नाही’? हे वाक्य ऐकून तिने ‘हो’ म्हटले असेल तर ती संमती. हे वाक्य तिच्यापर्यंत पोचलेच नसेल, तर कागदावर सही असली तरी तिला संमती म्हणता येत नाही.

कोण चांगला आणि कोण वाईट हे ठरवायला आम्ही हे लिहिलेले नाही. चांगल्या हेतूने, नामवंत डॉक्टरांनी, उपयोगी निष्कर्षासाठी केलेल्या कामातही हा प्रश्न उरतो, एवढेच सांगायचे आहे.

‘मला काही होत नाही’

नीतिशास्त्राची दुसरी बाजू आहे माणसाचे भले. कुणाचे भले कशात आहे, हे कसे कळणार? सोपे उत्तर म्हणजे त्यालाच विचारा. पण तेवढ्याने भागत नाही, हे दाखवून दिले अमर्त्य सेन यांनी. सेन अर्थशास्त्रज्ञ म्हणून नोबेल पारितोषिकाचे मानकरी आहेत, पण ते तत्त्वज्ञानाचेही प्राध्यापक आहेत.

सेन यांनी बंगालमधल्या एका जुन्या पाहणीचा दाखला दिला आहे. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, लोकांना त्यांच्या तब्येतीविषयी विचारले होते. विधुर पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तब्येत ठीक नसल्याचे सांगितले. विधवा बायकांपैकी असे म्हणणाऱ्या अगदी मोजक्या होत्या. विधवांची तब्येत उत्तम होती असे थोडेच आहे! आपल्याला तक्रार करायचा हक्क आहे, हेच त्यांना कधी वाटले नव्हते.

आपल्या घरात पाहा. आजी, आई, वहिनी. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, अंगावरून जाते, तरी विचारले की उत्तर ठरलेले: ‘मला काही होत नाही.’ सगळ्यांना वाढून उरलेले खाणारी बाई आपल्या शरीराकडेही शेवटी पाहते. म्हणून ‘ती काही बोलली नाही’ म्हणजे ‘ती बरी आहे’ असे समजायचे नाही. ‘तिने सही केली’ म्हणजे ‘तिला हवे होते’ असेही समजायचे नाही.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण बीड जिल्ह्यातले. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचे समोर आल्यावर २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर मुकादम पैसे कापतो. तोडणीच्या फडात शौचालय नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते म्हणून डॉक्टरकडे गेले तर कॅन्सरची भीती घातली जाते. अशा वेळी बाई ‘काढून टाका’ म्हणते. कागदावर तिची सही असते. पण तिच्यापुढे दुसरा मार्ग कुणी ठेवला होता? भले करायचे तर तिला आधी मजुरीची हमी, फडावर पाणी आणि साधे औषध मिळायला हवे होते.

‘प्रतिष्ठा’ या शब्दावरचा वाद

आता मॅकलिन यांच्या ज्या लेखाने सर्वाधिक चर्चा झाली त्याकडे येऊ. २००३ साली इंग्लंडच्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे होते की वैद्यकीय नीतिशास्त्रात ‘मानवी प्रतिष्ठा’ ही कल्पना निरुपयोगी आहे. माणसाच्या निर्णयाचा आदर करणे, त्याला माहिती देणे, त्याची गुप्तता राखणे, भेदभाव न करणे, हे सगळे आपण आधीच म्हणतो. त्यापलीकडे ‘प्रतिष्ठा’ हा शब्द काहीच नवे सांगत नाही. त्यावर जगभरातून उत्तरे आली.

हे वाचून आपल्याला धक्का बसणे साहजिक आहे. संविधानाच्या उद्देशिकेत बाबासाहेबांनी आणि संविधान सभेने ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द ठेवले. आपल्या चळवळीचा प्राणच तो आहे. मग या विदुषीचे काय ऐकायचे?

आम्हाला वाटते, त्यांच्या म्हणण्याचा अर्धा भाग जरूर ऐकावा. मोठा शब्द भिंतीवर लिहिणे सोपे असते. रुग्णांना सन्मानाने वागवले जाते, अशी पाटी लावलेल्या ठिकाणीच ‘ए मावशी, तिकडे हो’ असे ऐकू येते. पाटी खरी की खोटी हे पाहायचे तर साध्या गोष्टी पाहाव्यात. पडदा ओढला का? आजार सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला का? मराठीत समजावले का? मॅकलिन हेच बजावतात, की मोठ्या शब्दाचे तुकडे करून काम मोजा.

पण दुसरा अर्धा भाग आम्हाला पटत नाही. का, ते सांगतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तो घेतला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्या घाणीत पडून होता आणि त्याला पाहणारे कोणी नव्हते. तथागत आनंदासह तिथे गेले. आनंदाने पाणी आणले. दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले, उचलले आणि नीट झोपवले. मग तथागतांनी संघाला बोलावून समजावले की रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे. याच ठिकाणी चांगला शुश्रूषक कसा असावा तेही येते. त्याला औषध तयार करता यावे. काय हिताचे आणि काय अहिताचे हे कळावे. मलमूत्राची, वांतीची किळस नसावी. सेवा लाभासाठी नसावी, करुणेतून असावी. रुग्णाचे मनही त्याला प्रसन्न करता यावे. रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. औषध घ्यावे, पथ्य पाळावे आणि आजार वाढतो आहे की कमी होतो आहे ते खरे सांगावे.

त्या भिक्खूच्या कुठल्या निर्णयाचा प्रश्न तिथे नव्हता. कुणी त्याची सही खोटी केली नव्हती. तरीही त्याचे काहीतरी हिरावले गेले होते आणि पाण्याने धुताना ते त्याला परत मिळाले. ते जे काही आहे, त्यालाच आपण प्रतिष्ठा म्हणतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरत नव्हतो, हे त्यांनीच नंतर स्पष्ट केले होते. इतरांसारखी आपणही माणसे आहोत, हे दाखवायचे होते. तहान भागली की शरीराचे भागते. माणसाचे तेवढ्याने भागत नाही. बेशुद्ध रुग्ण, स्मृती गेलेली आजी, मतिमंद लेकरू, यांना निर्णय घेता येत नाही. त्यांच्याशी नीट वागायचे ते कशाच्या आधारावर? ती माणसे आहेत एवढ्याच आधारावर.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. प्रतिष्ठा हा शब्द सोडायचा नाही, पण तो नुसता मिरवायचाही नाही. त्याचे रोजच्या प्रश्नांत रूपांतर करायचे.

सही करण्याआधी

कुठलीही शस्त्रक्रिया, मोठी तपासणी किंवा अभ्यास यासाठी कागद पुढे आला, तर हे प्रश्न विचारा. विचारताना भांडण नको, आवाज चढवायला नको. ‘डॉक्टर, सही करते, पण आधी एवढे समजावून सांगा’ असे म्हटले तरी पुरे.

१. मला काय झाले आहे आणि तुम्ही काय करणार आहात?
२. याने फायदा काय आणि धोका काय?
३. हे नाही केले तर काय होईल? थांबून पाहता येईल का?
४. दुसरा उपाय आहे का? तो कुठे आणि किती खर्चात मिळतो?
५. हा माझा नेहमीचा उपचार आहे की अभ्यास, म्हणजे ट्रायल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘अभ्यास’ असे आले, तर आणखी विचारा. मला औषध मिळेल की नुसती गोळी, हे कसे ठरणार? मला इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मी मध्येच बाहेर पडले तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना?

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो, तेही लक्षात ठेवा.

चाचणीत भाग घेणे पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येते. संमतीपत्राची आणि माहितीपत्राची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. वाचता येत नसेल, तर अंगठा घेताना एक निष्पक्ष साक्षीदार हजर हवा. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतल्या व्यक्तीची संमती घेताना व्हिडिओ काढणे बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

नेहमीच्या उपचारातही संमतीला मर्यादा असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे. त्या प्रकरणात बाई भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भपिशवी काढली होती. जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ बाईच्या वतीने दुसऱ्याची सही चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून घरातल्या पुरुषांनाही सांगणे आहे. बायकोची, बहिणीची सही तिच्याऐवजी तुम्ही करू नका. तिला विचारा.

आपल्या उपचाराचे कागद मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत दिले पाहिजेत, असा नियम आहे. खासगी रुग्णालयांनी रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी जागेत लावावी, असा नियम महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर पाहा. नसेल तर विचारा.

शेवटी एक काम. मुंबईच्या आणि उस्मानाबादच्या बायकांमुळे जे ज्ञान मिळाले, त्याचा लाभ आपण घेतला नाही तर त्यांचे सोसणे वाया जाईल. ३० वर्षांवरच्या बायकांसाठी गर्भाशयाच्या मुखाची, स्तनाची आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी. फार वेळ लागत नाही. आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. दोघी-तिघी मिळून गेलात तर भीतीही राहत नाही. आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर हे पाच प्रश्न कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाच ते जास्त लागणार आहेत.